टॅब्लेट घेताना स्क्रीनचा आकार कसा ठरवावा?

टॅब्लेटची स्क्रीन कर्णात मोजतात, त्यामुळे 11 इंची दोन टॅब्लेटही वाचताना अगदी वेगळे वाटू शकतात. लांबी-रुंदीचे प्रमाण 4:3 असलेला टॅब्लेट उभा धरला, तर सुमारे 6.6 इंच रुंदी मिळते, 16:10 प्रमाणात मात्र ती 5.8 इंचांवर येते. ए-फोर कागदाची रुंदी 8.27 इंच असल्याने सातबारा, बँकेचे विवरणपत्र किंवा मुलांच्या अभ्यासाच्या पीडीएफ वाचणाऱ्यांनी पहिल्या प्रमाणाला पसंती द्यावी. चित्रपट पाहण्यासाठी दुसरे प्रमाण अधिक सोयीचे ठरते.

पुण्यातील तापकीर गल्लीत किंवा अन्य कुठल्याही दुकानात गेल्यावर विक्रेत्याने लावलेल्या झगमगीत व्हिडिओवर विसंबू नये. आपल्या नेहमीच्या मराठी दैनिकाचा ई-पेपर उघडून, पान न वाढवता बातमीतील जोडाक्षरे आणि वेलांट्या स्पष्ट दिसतात का, हे डोळ्यांपासून हातभर अंतरावरून पाहावे. माझ्या मते ही चाचणी माहितीपत्रकातील पिक्सेलच्या आकड्यांहून अधिक भरवशाची आहे.

पीएमपीच्या शहर बसमध्ये उभ्याने वाचायचे असेल, तर 8 इंची टॅब्लेट एका हातात पेलतो. टंकलेखन करायचे असेल, तर 11 इंचांखाली जाऊ नये आणि कीबोर्डची किंमत आधीच हिशेबात धरावी. साठवण 128 जीबी असावी. सिमकार्डच्या सोयीसाठी जादा पैसे मोजण्यापूर्वी फोनच्या हॉटस्पॉटवर काम भागते का, हे अवश्य तपासावे.