स्पोर्ट्स कार ‘मिसिंग’ मारते तेव्हा : गावाकडच्या मालकांनी या चुका टाळाव्यात

वरुड-मोर्शीच्या पट्ट्यात संत्र्याचा बहार चांगल्या भावाने विकला गेला, की एखाद्या वाड्यासमोर ट्रॅक्टरच्या शेजारी दोन दरवाज्यांची, जमिनीला टेकलेली परदेशी गाडी उभी राहिलेली दिसते. ती बहुधा मुंबई, पुणे किंवा हैदराबादेतून दुसऱ्या-तिसऱ्या हाताने आलेली असते. नवी असताना कोटभर रुपयांची गाडी दहा-बारा वर्षांनी पंचवीस लाखांत मिळाली, तर घेणाऱ्याला सौदा साधल्यासारखे वाटते; परंतु तिची कॉइल (प्लगला ठिणगीसाठी उच्च दाबाची वीज देणारा भाग), तिचे सेन्सर आणि तिचे ब्रेक यांच्या किमती कोटभराच्या गाडीच्याच राहतात, हे पहिल्या बिघाडापर्यंत त्याच्या ध्यानात येत नाही. माझ्याकडे अशी सहा सिलिंडरची एक जर्मन गाडी सहा वर्षांपासून आहे आणि तिच्या सर्व पावत्या मी जपून ठेवल्या आहेत. त्या ओळीने लावून पाहिल्या, तेव्हा निम्म्याहून अधिक पैसा दुरुस्तीवर गेलेलाच नाही, असे आढळले. तो बिघाड न ओळखता बदललेल्या वस्तूंवर आणि गाडी ट्रकवर चढवून शहरात नेण्या-आणण्यावर गेला होता.

पहिल्या पावसाळ्यातच गाडी चढावर झटके देऊ लागली, म्हणजे ‘मिसिंग’ मारू लागली : एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट जळत नव्हते. एका गॅरेजात सहाही प्लग बदलले गेले, आठवड्याने झटके परत आले. मग “पंप बसला असन, भाऊ” म्हणून इंधनाचा पंप बदलला, त्यानंतर पेट्रोल फवारणारे इंजेक्टर साफ झाले. शेवटी कारण निघाले ते तिसऱ्या सिलिंडरच्या कॉइलला गेलेली केसाएवढी तडक. ती शोधायला अर्धा तास लागला आणि त्याआधी अडीच महिने गेले होते.

चेक लाइट लुकलुकत असताना गाडी दामटणे

इंजिनाचा पिवळा दिवा स्थिर पेटलेला असणे आणि तो लुकलुकणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बहुतेक गाड्यांत लुकलुकणाऱ्या दिव्याचा अर्थ असा असतो, की एखाद्या सिलिंडरमधील पेट्रोल न जळता पुढे जात असून त्याने सायलेन्सरच्या नळीतील, धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होण्याची शक्यता आहे. न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते, आधीच काही शे अंशांवर असलेला तो भाग आणखी तापतो आणि आतील जाळी वितळून बसते. एका कॉइलचा प्रश्न अशा रीतीने कन्व्हर्टरचा प्रश्न होतो आणि खर्च कित्येक पटींनी वाढतो. समृद्धी महामार्गावर कारंजा लाड किंवा मेहकरच्या दरम्यान हा दिवा लुकलुकू लागला, तर ‘नागपूर काय, येऊनच जाते’ असे म्हणून वेग कायम ठेवणे ही सर्वांत महागडी चूक ठरते. वेग लगेच कमी करावा, पहिल्या इंटरचेंजला बाहेर पडावे आणि तेथून मदत बोलवावी.

आपल्या भागापुरती आणखी एक सूचना येथेच करतो. अशी तापलेली गाडी धुऱ्यावरच्या वाळल्या गवतावर, सोयाबीनच्या कुटाराजवळ किंवा पऱ्हाटीच्या ढिगाशेजारी कधीही उभी करू नये. या गाड्यांचे पोट जमिनीपासून जेमतेम चार-पाच इंचांवर असते आणि मार्च-एप्रिलमध्ये कुटाराला ठिणगीचीही गरज लागत नाही.

स्कॅनरवरील कोडलाच निदान समजणे

गाडीच्या संगणकाने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर आता तालुक्याच्या गावीही मिळतो, हे चांगलेच झाले. पण त्यावर पी०३०३ असे दिसले, की तिसऱ्या सिलिंडरची कॉइल गेली असे मानून ती मागवली जाते. त्या कोडचा अर्थ इतकाच, की तिसऱ्या सिलिंडरमध्ये ज्वलन नीट झाले नाही. दोष कॉइलचा, प्लगचा, इंजेक्टरचा, वायरिंगचा किंवा सिलिंडरमधील कमी झालेल्या दाबाचाही (कॉम्प्रेशनचाही) असू शकतो. पी०३०० असेल, म्हणजे मिसिंग एकाच सिलिंडरपुरते नसेल, तर एखाद्या कॉइलमागे लागण्याऐवजी हवेची गळती, इंधनाचा दाब, बॅटरी आणि अर्थिंग अशा सामाईक कारणांकडे आधी पाहावे.

सर्वांत स्वस्त तपासणी अदलाबदलीची आहे. तिसऱ्या सिलिंडरची कॉइल पाचव्यावर आणि पाचव्याची तिसऱ्यावर लावावी, कोड पुसावा आणि गाडी तशाच रस्त्यावर, तशाच चढावर चालवावी. कोड पी०३०५ झाला, तर कॉइलच दोषी आहे. तो पी०३०३ च राहिला, तर प्लगची आणि त्यानंतर इंजेक्टरची अशीच अदलाबदल करावी. एका वेळी एकच वस्तू हलवावी, नाहीतर कशाने फरक पडला हे कळत नाही. त्याआधी सिलिंडरांचे क्रमांक त्या गाडीच्या पुस्तिकेतून पाहून घ्यावेत, कारण समोरासमोर तीन-तीन सिलिंडर असलेल्या इंजिनात अंदाजाने मोजलेला तिसरा सिलिंडर भलत्याच बाजूला निघतो. कोड पुसण्यापूर्वी तो उमटला तेव्हाचे तापमान, इंजिनाचे फेरे आणि इंजिनावरचा भार यांची नोंद स्कॅनरवरून उतरवून घ्यावी. घाईत बॅटरीची वायर काढणारा मिस्त्री अनेक गाड्यांत ही नोंदच पुसून टाकतो.

मल्टिमीटरने कॉइलचा रोध बरोबर आला म्हणून ती निर्दोष ठरत नाही. मीटर थंड कॉइल अगदी कमी व्होल्टवर मोजतो, तर इंजिनात तिला २५ ते ४० हजार व्होल्टपर्यंत दाब निर्माण करावा लागतो. शिवाय पुष्कळ आधुनिक कॉइलमध्ये इलेक्ट्रॉनिक स्विच आतच बसवलेला असतो, त्यामुळे त्यांच्या पिनांवर घेतलेल्या मापाला फारसा अर्थ राहत नाही.

‘कधी’ हा प्रश्न न विचारणे

माझ्या मते इग्निशनच्या, म्हणजे ठिणगीच्या, बिघाडाचे निम्मे निदान गाडीला हात लावण्यापूर्वीच होऊ शकते. मात्र मालकाने नुसते ‘झटके देते’ असे न सांगता ती केव्हा झटके देते, हे पाहिलेले असले पाहिजे.

गाडी रिकाम्या फेऱ्यांवर शांत चालते, पण चौथ्या गिअरमध्ये पाय दाबला की चुकते, असे असेल तर संशय कॉइल आणि प्लगवर घ्यावा. भार वाढला, की सिलिंडरमधील मिश्रण दाट होते आणि दाट मिश्रणातून ठिणगी उडवायला जास्त व्होल्टेज लागते. हवा दाबून भरणारा टर्बो असलेल्या इंजिनात ही गरज आणखी वाढते. अशा वेळी विजेला प्लगच्या टोकांमधून उडण्यापेक्षा कॉइलच्या तडकेतून किंवा प्लगच्या चिनीमातीवर पडलेल्या काळ्या रेघेवरून इंजिनाच्या धातूत उतरणे सोपे जाते. प्लग काढल्यावर त्याच्या पांढऱ्या अंगावर पेन्सिलीने ओढल्यासारखी उभी रेघ दिसली, तर कॉइलच्या रबरी नळीच्या आतही तशीच रेघ शोधावी. फक्त प्लग बदलला, तर जुनी नळी नव्या प्लगवर काही दिवसांत तीच रेघ उमटवते. माझे बदललेले सहा प्लग आठवडाभरच का टिकले, याचे उत्तर हेच होते.

पावसात किंवा धुतल्यानंतर चुकणारी गाडीही हीच कथा सांगते. पोर्शे ९११ सारख्या गाड्यांत सिलिंडर आडवे असतात आणि प्लग व कॉइल बाजूला खाली, सायलेन्सरच्या नळ्यांच्या आसपास असतात. त्यांना उष्णता आणि चाकांनी उडवलेले पाणी या दोन्हींचा मार बसतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर आणि जूनमध्ये एकाएकी पाऊस, असा हवामानाचा तडाखा असतो. भाजून ठिसूळ झालेल्या प्लास्टिकची तडक पहिल्या पावसात उघडी पडते.

याच्या उलट, गाडी तासभर ठीक चालून तापल्यावर एकदम बंद पडते, सेल्फ फिरतो पण इंजिन लागत नाही आणि अर्ध्या तासाने जणू काही झालेच नाही अशी सुरू होते, तेव्हा क्रँकशाफ्टच्या (इंजिनाच्या फिरत्या मुख्य दांड्याच्या) सेन्सरकडे पाहावे. त्याच्याकडून फेऱ्यांचा संकेत आला नाही, तर संगणक कोणत्याच सिलिंडरला ठिणगी देत नाही. बंद पडलेल्या अवस्थेत सेल्फ मारताना स्कॅनरवर इंजिनाचे फेरे शून्य दिसत असतील, तर संशय पक्का होत जातो. हा सेन्सर तुलनेने स्वस्त असतो. तो सोडून पंप आणि कॉइल बदलणारे मात्र मी पाहिले आहेत. इंजिन लागून दोन सेकंदांत मरत असेल, तर तो प्रश्न बहुधा ठिणगीचा नसून चावीतील चोरीरोधक चिपचा असतो. अशा वेळी दुसरी चावी लावून पाहावी.

जुन्या हाताच्या जुन्या सवयी

आपल्याकडचे जुने मिस्त्री कानाने इंजिन ओळखतात आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण चालू इंजिनावरून प्लगची वायर ओढून ठिणगी पाहण्याची कार्बोरेटरच्या काळातील रीत या गाड्यांवर चालत नाही. बाहेर जायला वाट न मिळालेला उच्च दाब कॉइलमधील किंवा संगणकातील स्विच जाळू शकतो, माणसाला जबर धक्का बसू शकतो आणि त्या सिलिंडरचे पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाते ते वेगळेच. त्यासाठी ठिणगी तपासण्याचे साधे उपकरण मिळते, ते वापरावे आणि त्या सिलिंडरच्या इंजेक्टरची पिन काढून ठेवावी. वॉशिंग सेंटरवर इंजिनावर प्रेशरने पाणी मारू देणे हीसुद्धा अशीच एक सवय आहे. प्लगच्या विहिरीत, म्हणजे प्लग बसतो त्या खोल खळग्यात, साचलेले पाणी कित्येक दिवस वाळत नाही.

प्लगबाबत

इंजिन पूर्ण थंड झाल्याशिवाय प्लग काढू नये, कारण ॲल्युमिनियमच्या हेडचे आटे गरम असताना सोलले जातात. अशा हेडमध्ये १४ मिलिमीटरचा वॉशरवाला प्लग साधारण २५ ते ३० न्यूटन-मीटर आणि १२ मिलिमीटरचा १५ ते २० न्यूटन-मीटर इतकाच आवळायचा असतो, म्हणून टॉर्क पाना विकत घ्यावा आणि आपल्या गाडीच्या पुस्तिकेतील आकडाच अंतिम मानावा. आट्यांना ग्रीस लावल्यास त्याच आकड्यावर प्लग प्रत्यक्षात जास्त आवळला जातो. इरिडियम प्लगची टोके तारेच्या ब्रशने घासू नयेत. प्लगच्या उष्णतेचा क्रमांक तर दोन कंपन्यांत उलटा चालतो : एनजीकेमध्ये आकडा वाढला की प्लग ‘थंड’ होतो, म्हणजे उष्णता लवकर सोडतो, बॉशमध्ये आकडा वाढला की ‘गरम’. दुकानदाराने ‘त्याच नंबरचा’ म्हणून दिलेला दुसऱ्या कंपनीचा प्लग त्यामुळे भलताच निघू शकतो. प्लगच्या विहिरीत ऑइल दिसल्यास आधी टॅपेट कव्हरचे (इंजिनाच्या वरच्या झाकणाचे) पॅकिंग बदलावे, कारण ऑइलमध्ये भिजलेली नवी कॉइलही फार टिकत नाही.

उभी गाडी, उंदीर आणि पेट्रोल

गावात अशी गाडी महिन्यातून दोनदा बाहेर निघते आणि एरवी गोदामात, सोयाबीनच्या पोत्यांशेजारी उभी असते. तेथे उंदीर वायरिंग कुरतडतात. कुरतडलेली वायर कधी जोडते, कधी तुटते, त्यामुळे रोज नवा कोड येतो. बॅटरीही उभ्या उभ्या उतरते. विश्रांतीत ती १२.६ व्होल्टच्या आसपास असावी आणि सेल्फ मारताना ९.६ च्या खाली जाऊ नये. ती कमजोर असेल, तर संगणक नसलेले दोष दाखवतो. म्हणून कोणताही कोड खरा मानण्यापूर्वी बॅटरी आणि इंजिनाची अर्थिंगची पट्टी तपासावी.

पेट्रोलचा विचार आता टाळता येत नाही. २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल फेब्रुवारी २०२३ पासून टप्प्याटप्प्याने आले आणि आता बहुतेक पंपांवर तेच मिळते, तर युरोपातील अनेक जुन्या गाड्या कमाल १० टक्के इथेनॉल गृहीत धरून बनवलेल्या आहेत. इथेनॉल हवेतील ओलावा ओढते, त्यामुळे अर्धी टाकी भरून चार महिने उभी ठेवलेली गाडी पहिल्याच दिवशी मिसिंग मारू शकते आणि दोष मात्र कॉइलला दिला जातो. पेट्रोलचे ऑक्टेन (ठिणगीआधी आपोआप पेट न घेण्याची क्षमता) कमी पडल्यास संगणक ठिणगी उशिरा देऊन इंजिन वाचवतो. गाडी जड वाटते, पण मिसिंग होत नाही. हा फरक ओळखता आला, तर एक दुरुस्ती वाचते.

खर्च मोजताना

सुट्या भागांवर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के जीएसटी आहे, पूर्वी तो २८ टक्के होता. २० हजारांच्या वस्तूमागे त्यामुळे दोन हजार रुपये वाचतात. परंतु वस्तूची किंमत हा आपल्या खर्चाचा लहान भाग आहे. वरुडहून नागपूर शंभर किलोमीटरच्या आसपास आहे आणि ज्या कंपनीचे सेवाकेंद्र मुंबईतच आहे, तिच्या मालकाला समृद्धीचे ७०१ किलोमीटर पुढे उरतात. गाडी सपाट ट्रकवरच न्यावी, पुढची चाके उचलून ओढू देऊ नये आणि चढवताना लाकडी फळ्या लावायला सांगावे, अन्यथा पुढचा बंपर तेथेच जातो. विम्यावर भिस्त ठेवू नये, कारण वाहन विम्याच्या सर्वसाधारण अटींत झीज आणि यांत्रिक किंवा विद्युत बिघाड वगळलेले असतात.

मी मल्टिमीटर, मिसिंगची मोजणी दाखवणारा स्कॅनर, टॉर्क पाना, बॅटरी भरलेली ठेवणारा चार्जर आणि एक जादा कॉइल घेतली. या सगळ्याला आलेला खर्च माझ्या गाडीच्या ट्रकवरील एका मुंबई-फेरीपेक्षा कमी होता. दरवर्षी मृगाच्या आधी मी सहाही कॉइल काढून उन्हात भिंगाखाली पाहतो आणि प्रत्येकीवर तपासल्याची तारीख चिकटपट्टीवर लिहितो. तिसऱ्या सिलिंडरची ती तडकलेली कॉइल गोदामाच्या खिळ्याला टांगून ठेवली आहे. नवा मिस्त्री गाडीला हात लावायला आला, की आधी ती त्याच्या हातात देतो आणि तडक शोधायला सांगतो.