ठाणे-नवी मुंबईत जुनी फोर्ड घेताना

आमची ऐरोलीची सोसायटी असो की रबाळ्याची कंपनी, कुणाला जुनी फोर्ड घ्यायची झाली की मला फोन येतो. आधी फिगो डिझेल चालवली, आता इकोस्पोर्ट डिझेल चालवते. त्यात काम क्वालिटी इन्स्पेक्शनचं, त्यामुळे गाडी बघायला गेले की वाकून खालून बघितल्याशिवाय परत येत नाही. फोनवर जे सांगते तेच इथे सविस्तर लिहिते आहे.

सगळ्यात आधीचं काम म्हणजे मेकॅनिक शोधणं. गाडी नंतर. ९ सप्टेंबर २०२१ ला फोर्डनं भारतात गाड्या बनवणं थांबवत असल्याचं जाहीर केलं, आणि त्यानंतर शोरूम पटापट बंद झाल्या. सर्व्हिस आणि पार्ट्स देत राहू असं कंपनीनं तेव्हाच सांगितलं होतं आणि अधिकृत सर्व्हिस सेंटर अजून आहेत, पण पूर्वीसारखी दर दोन स्टेशनांवर नाहीत. म्हणून वागळे इस्टेटमध्ये किंवा तुर्भे एमआयडीसीत एखादं गॅरेज गाठा आणि तिथे फोर्ड उभ्या आहेत का ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. 'सगळ्या गाड्या करतो' म्हणणाऱ्यापेक्षा 'टीडीसीआय (फोर्डचं डिझेल इंजिन) महिन्यातून चार येतात' म्हणणारा बरा. त्याच्याकडे लॅपटॉपवर फोरस्कॅन आहे का तेही विचारा. फोर्डचे सगळे मॉड्यूल, म्हणजे गाडीतले छोटे कॉम्प्युटर, वाचणारं हे सॉफ्टवेअर आहे. साध्या स्कॅनरला एबीएसचे किंवा एअरबॅगचे कोड बऱ्याचदा दिसतच नाहीत.

आता थोडा इतिहास. तो सांगितल्याशिवाय कोणती फोर्ड घ्यावी हे मला समजावता येत नाही. हेन्री फोर्डचे आधीचे दोन प्रयत्न फसले होते. १९०३ च्या जूनमध्ये डेट्रॉइटला त्यानं फोर्ड मोटर कंपनी काढली, १९०८ मध्ये मॉडेल टी आणली आणि १९१३ मध्ये हायलँड पार्कच्या कारखान्यात सरकती असेंब्ली लाइन सुरू केली. एक चॅसी जोडायला बारा तासांहून जास्त लागायचे, ते काम दीड तासावर आलं. पुढच्याच वर्षी कामगाराला आठ तासांच्या दिवसाला पाच डॉलर देऊ केले. ८५० डॉलरची गाडी विसाच्या दशकात ३०० डॉलरच्या खाली आली आणि १९२७ पर्यंत दीड कोटीहून जास्त मॉडेल टी बनल्या. लाइनवर काम करणाऱ्या आम्हा लोकांना यातली कळीची गोष्ट लगेच कळते. लाइन चालते ती प्रत्येक सुटा भाग मापात असतो म्हणून. हजारातला कुठलाही उचला, घासावा लागता कामा नये. हा भाग त्या गाडीतून काढून ह्या गाडीत बसला पाहिजे, ही फोर्डची खरी कमाई, आणि जुनी गाडी घेणाऱ्याला आज शंभर वर्षांनी तीच उपयोगी पडते.

भारतात ही कंपनी १९२६ मध्ये आली, पन्नासच्या दशकात तिनं गाशा गुंडाळला आणि १९९५ मध्ये महिंद्रांबरोबर भागीदारी करून ती परत आली. पहिली एस्कॉर्ट आपल्या नाशिकला जोडली जायची. मग चेन्नईजवळच्या मराईमलाई नगरचा कारखाना झाला, १९९९ मध्ये आयकॉन आली, २०१० मध्ये फिगो, २०१३ मध्ये इकोस्पोर्ट. २०१५ मध्ये साणंदचा दुसरा कारखाना उघडला. तो आता टाटांकडे आहे. दहा वर्षांत दोन अब्ज डॉलरहून जास्त तोटा झाल्याचं कंपनीनंच निघताना सांगितलं.

इकोस्पोर्टची दुसरी पिढी ब्राझीलमध्ये आखली गेली, २०१२ मध्ये दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत दाखवली गेली आणि पुढे चेन्नईहून थेट अमेरिकेपर्यंत निर्यात झाली. म्हणजे गाडी जगभर विकली गेली आहे. त्यामुळे तिचे फिल्टर, ब्रेक पॅड, सस्पेन्शनचे बुश, बेल्ट असे झिजणारे भाग बाहेरच्या कंपन्याही बनवतात. खरी वाट बघावी लागते ती बंपर, हेडलाइट, आरसा आणि काचेची. गाडी बघताना हेच चार भाग निरखून बघा. हेडलाइटचे कान, म्हणजे तो अडकवायचे कोपरे, तुटून एम-सीलनं चिकटवलेले असतील तर किंमत तिथेच कमी करायला सांगा. कुर्ल्याच्या सीएसटी रोडला जुने भाग मिळतात, ऑपेरा हाउसला नवे. पण आपल्या रंगाचा बंपर आपल्याला हवा त्या आठवड्यात मिळेलच असं धरून चालू नका.

आता इंजिन. इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण फोर्ड चांगली की वाईट हा प्रश्नच चुकीचा आहे. कुठल्या इंजिनाची फोर्ड, हे विचारा.

१.५ टीडीसीआय डिझेल माझी पहिली पसंती. इकोस्पोर्टमध्ये आहे, २०१५ नंतरच्या फिगो आणि अ‍ॅस्पायरमध्ये आहे, फ्रीस्टाइलमध्येही आहे. शंभर अश्वशक्तीची फिगो डिझेल ठाणे-बेलापूर रोडच्या उड्डाणपुलावर तिसऱ्या गिअरमध्ये जी ओढ दाखवते, ती त्या किमतीच्या दुसऱ्या गाडीत मला मिळालेली नाही. त्याआधीच्या फिगोतलं १.४ टीडीसीआय ६९ अश्वशक्तीचं, तेवढं जोरकस नाही, पण डिझेल पुरवून खातं. या दोन्हींना टायमिंग बेल्ट असतो, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टनची वेळ जुळवणारा पट्टा. बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आपटतात आणि इंजिन खोलावं लागतं. म्हणून बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप बदलल्याचं बिल मागा. 'बदललाय मॅडम, बिल घरी आहे' याचा अर्थ बदललेला नाही असाच धरा आणि त्या कामाचा खर्च भावातून वजा करा. बीएस-सिक्स डिझेलमध्ये डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टरही आहे, त्यात काजळी साठते आणि ती जाळायला मोकळा रस्ता लागतो. तुमची रोजची धाव घणसोली ते कोपरखैरणे एवढीच असेल तर ती गाडी तुमच्यासाठी नाही.

पेट्रोलमध्ये दोन कुळं आहेत. जुनं चार सिलिंडरचं टीआयव्हीसीटी, १.२ आणि १.५. शांत इंजिन आहे, पिण्यात थोडं सढळ, पण मेकॅनिकच्या हाताला बसलेलं. दुसरं कूळ तीन सिलिंडरचं. १.० इकोबूस्ट, आणि २०१७ पासूनची ड्रॅगन इंजिनं. यांचा टायमिंग बेल्ट इंजिन ऑइलमध्ये बुडालेला चालतो. ऑइल कंपनीनं सांगितलेल्या ग्रेडचं नसेल किंवा उशिरा बदललं असेल तर बेल्टचं रबर सुटायला लागतं, त्याचा भुगा सम्पमधल्या, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यातल्या, जाळीत अडकतो आणि इंजिनाला ऑइल कमी पडतं. इकोबूस्टला ५डब्ल्यू-२० लागतं. नाक्यावरच्या गॅरेजात तिच्यात काय ओतलं गेलंय हे बिलाशिवाय कळायचा मार्ग नाही. म्हणून या इंजिनांच्या बाबतीत माझा नियम कडक आहे. ऑइलच्या प्रत्येक सर्व्हिसचं बिल असेल तरच गाडी बघायला जायचं, नाहीतर फोनवरच नाही म्हणायचं. चालवायला मात्र इकोबूस्ट फार सुंदर आहे.

ऑटोमॅटिक घेताना जपून. इकोस्पोर्टचं सुरुवातीचं १.५ पेट्रोल ऑटोमॅटिक आणि फिगो-अ‍ॅस्पायरचं १.५ ऑटोमॅटिक यांत सहा गिअरची ड्युअल क्लच पेटी आहे. याच कुळातल्या पेटीवरून अमेरिकेत फिएस्टा आणि फोकसच्या मालकांनी कंपनीवर सामूहिक दावा लावला होता. क्लच कोरडे असतात, आणि संध्याकाळी सातला कळवा नाक्यावर रेंगाळताना ते तापतात. टेस्ट ड्राइव्ह मुद्दाम तशा गर्दीतच घ्या. ब्रेकवरचा पाय अलगद सोडल्यावर गाडी थरथरत पुढे सरकली तर पुढचं बोलणं थांबवा. २०१७ च्या अखेरीस आलेल्या नव्या इकोस्पोर्ट ऑटोमॅटिकमध्ये कोरड्या क्लचऐवजी ऑइलमधून ओढ देणारा टॉर्क कन्व्हर्टर आहे, तिला हा त्रास नाही.

आयकॉनचं काय, असं कुणीतरी विचारतंच. खारेगावच्या आमच्या एका नातेवाइकांकडे १.३ ची आयकॉन अजून चालते आणि ते ती विकायचं नाव काढत नाहीत. इंजिनाला बेल्ट नाही, चेन आहे. पण हौसेची गाडी म्हणूनच घ्या. पंधरा वर्षांनंतर आरटीओत पुन्हा नोंदणी, फिटनेस आणि पर्यावरण कर हे सगळं तुमच्या मागे लागेल.

मालक मंडळी काय सांगतात? मी ज्यांच्याशी बोलले त्यातल्या बहुतेकांचं पहिलं वाक्य स्टिअरिंगबद्दल असतं. जुन्या फिगोचं हायड्रॉलिक स्टिअरिंग गल्लीत हाताला जड लागतं, पण एक्स्प्रेसवेवर गाडी रुळावर ठेवल्यासारखी जाते. दार लावल्यावरचा भरीव आवाज आणि मे महिन्यात पाच मिनिटांत गार करणारा एसी, ही दोन कौतुकं हमखास ऐकू येतात. तक्रारी म्हणजे मागच्या सीटवर तिघांची दाटी, आणि अधिकृत सर्व्हिसचं बिल मारुतीच्या सवयीच्या माणसाला झेपत नाही. एन्डेव्हर ही फोर्डची मोठी एसयूव्ही, तिचे मालक वेगळेच. घणसोलीचे आमचे एक सहकारी पाच सिलिंडरच्या ३.२ वर माळशेज चढून आले की आठवडाभर तेच सांगत असतात. पण एन्डेव्हरचा एक टायर घ्यायला जाल तेव्हा खर्चाचा अंदाज येतो.

इकोस्पोर्टची एक गोष्ट मात्र घरी मोजून मगच गाडी घ्या. स्टेपनी मागच्या दारावर टांगलेली आहे आणि दार वर न जाता बाजूला उघडतं. हँडल उजव्या टेललाइटमध्ये लपवलेलं, बिजागऱ्या डावीकडे. स्टिल्ट पार्किंगमध्ये गाडी भिंतीला पाठ लावून उभी केली की दार उघडतच नाही. भाजीच्या पिशव्या मागच्या सीटवरून आत ढकलाव्या लागतात. रस्त्याकडेला उभी केली तर दार फुटपाथच्या बाजूला आडवं येतं आणि सामान घेऊन वाहनांच्या बाजूनं वळसा घालावा लागतो. आम्ही गाडी तोंड भिंतीकडे करून लावतो. तुमच्या सोसायटीत तसं जमेल का बघा. २०२१ च्या एसई मॉडेलला मागे स्टेपनी नाही, पंक्चर किट आहे.

गाडी बघायला सकाळी जा, आणि इंजिन आधी सुरू करून ठेवू नका असं मालकाला आदल्या दिवशी सांगा. पोहोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर गार इंजिनाचा आवाज लपवायचा होता असं समजा. मग पाण्यात बुडालेली आहे का ते तपासा. आपल्याकडे हे टाळून चालत नाही. इकोस्पोर्ट ५५० मिलिमीटर पाण्यातून जाते असं कंपनी सांगते, म्हणून लोक तिला पावसात भुयारी रस्त्यांत घालतात. चारही सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. पट्ट्याचा आतला, कायम गुंडाळलेला भाग कुणी धूत नाही. तिथे मातीची आडवी रेघ दिसली तर पाणी किती वर आलं होतं ते कळतं. सीट पुढे सरकवून खालच्या रुळांचा गंज बघा, कार्पेट उचलून वास घ्या. वाशीच्या एका डीलरकडे चकचकीत पॉलिश केलेल्या फिगोत मला अशी रेघ सापडली होती. नवीन सीट कव्हर कशासाठी घातली होती ते मग विचारावं लागलं नाही.

जुन्या फिगोसाठी अजून एक. २०१३ मध्ये कंपनीनं फिगो आणि क्लासिक मिळून दीड लाखाहून जास्त गाड्या पॉवर स्टिअरिंगचा होज (ऑइलची नळी) आणि मागचा ट्विस्ट बीम (मागच्या चाकांना जोडणारा दांडा) तपासायला परत बोलावल्या होत्या. २०१२ किंवा त्याआधीची गाडी असेल तर चेसिस नंबर देऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये ते काम झालंय का विचारून घ्या.

चढासाठी ठाण्याच्या गाडीला घोडबंदरचा गायमुख आणि नवी मुंबईच्या गाडीला बेलापूरची पारसिक टेकडी. दुसऱ्या गिअरमध्ये चढवा. आरपीएम वाढतोय आणि वेग वाढत नाही, म्हणजे क्लच प्लेट संपली. उतरताना रेडिओ बंद, काचा खाली, आणि पुढच्या सस्पेन्शनची खटखट ऐका. आपल्या खड्ड्यांनी लिंक रॉड आणि बुश लवकर जातात. ते काम फार महाग नाही, त्यावरून गाडी नाकारू नका, फक्त भाव कमी करा.

कागदांत एमएच-०४ की एमएच-४३ यानं गाडीत फरक पडत नाही. परिवहनच्या साइटवर नंबर टाकून मालक कितवा, कर्जाचा बोजा आहे का, विमा आणि पीयूसी कधीपर्यंत आहे ते बघा. बोजा असेल तर बँकेचं एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. थकलेली ई-चलानं विकणाऱ्याकडून भरून घ्या. एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर पाटी लागली आहे का तेही बघा. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घ्या आणि विमा चौदा दिवसांच्या आत आपल्या नावावर करायला अर्ज टाका. नो क्लेम बोनस विकणाऱ्याचा असतो, तो तुम्हाला मिळत नाही, त्यामुळे प्रीमियम वाढेल तो आधीच हिशोबात धरा.

२०२४ च्या सप्टेंबरमध्ये फोर्डनं मराईमलाई नगरचा कारखाना निर्यातीसाठी पुन्हा वापरण्याचं पत्र तमिळनाडू सरकारला दिलं, तेव्हापासून डीलर 'फोर्ड परत येतेय, भाव चढणार' असं सांगू लागले. ते पत्र निर्यातीचं आहे. ठाण्यात शोरूम उघडण्याबद्दल त्यात काही नाही, म्हणून त्यासाठी एक रुपयाही जास्त देऊ नका.

गाडी घरी आली की पहिल्या शनिवारी तिला आधी शोधून ठेवलेल्या मेकॅनिककडे न्या. इंजिन ऑइल, तिन्ही फिल्टर, कूलंट आणि ब्रेक ऑइल बदलून घ्या, आणि डिझेल असून बेल्टचं बिल नसेल तर बेल्टही त्याच दिवशी. जुना बेल्ट मागून घ्या आणि उलटा दुमडून बघा. दातांच्या मुळाशी भेगा दिसल्या तर बदलायची वेळ आलीच होती.