मालक थांबतोय, धंदा कामगारांनी घ्यायचा: कसं करायचं?

भोसरीचं वर्कशॉप असो, सोलापूरचा छापखाना असो की दादरमधला शिवणकामाचा कारखाना. मालक साठी-पासष्टीला येतो, मुलं वेगळ्या क्षेत्रात स्थिरावलेली असतात आणि एक दिवस कानावर येतं, "शेठ विकतायत." घेणाऱ्याचा डोळा बहुतेकदा जागेवर असतो. यंत्रं भंगारात जातात आणि त्यांच्यावर हात बसलेली माणसं पन्नाशीत नवी नोकरी शोधायला बाहेर पडतात. धंद्याला ऑर्डरी असतात, काम जाणणारे लोक असतात, तरी तो मोडतो. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण यातून वाट निघू शकते.

कामगारांनी सहकारी संस्था काढून धंदा स्वतः चालवायचा, ही वाट जुनीच आहे. सरकारी कॉफी बोर्डाने आपली कॉफी हाऊस बंद करायला घेतली तेव्हा केरळचे कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने तिथल्या कामगारांनी सहकारी संस्था काढल्या आणि १९५७-५८ पासून इंडियन कॉफी हाऊस स्वतः चालवायला घेतलं. धातूच्या नळ्या बनवणारी कुर्ल्याची कमानी ट्यूब्ज १९८५ मध्ये बंद पडली. १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कामगारांच्या सहकारी संस्थेला ती चालवायला घ्यायची मुभा दिली आणि पुढच्या वर्षी भट्ट्या पुन्हा पेटल्या. काही वर्षांनी ती परत तोट्यात गेली, हेही लपवण्यासारखं नाही. पुण्यात कचरावेचकांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था २००७-०८ पासून घरोघरचा कचरा गोळा करते आहे आणि तिचे मालक म्हणजे तेच कचरावेचक. पुढचं सगळं दहा-वीस कामगारांच्या छोट्या धंद्यासाठी लिहिलंय.

आधी वह्या बघा

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पहिल्याच दिवशी संस्था नोंदवायला सहकारी संस्थांच्या निबंधकाच्या कार्यालयात धावणं. नोंदणी ही शेवटून दुसरी गोष्ट. आधी मालकाकडे दोघा-तिघांनी मिळून जावं. त्यात एक जण जुना, ज्याचा शब्द मालक मानतो असा असावा. सरळ विचारावं, "शेठ, बाहेरच्याला द्यायच्या आधी आम्हाला संधी द्याल का? आणि तीन वर्षांचा हिशेब दाखवाल का?" मालक कचरेल. लेखी हमी द्या की आकडे बाहेर जाणार नाहीत.

ताळेबंद आणि जीएसटीची विवरणपत्रं तुमच्या ओळखीच्या सीएला दाखवा, पण उधारीची वही स्वतः वाचा. कोणतं गिऱ्हाईक किती दिवसांनी पैसे देतं, कोणाचं येणं वर्षभर लोंबकळतंय, अर्धा धंदा एकाच पार्टीवर उभा आहे का, आणि ती पार्टी मालकाचा मेहुणा तर नाही ना, हे तिथं कळतं. जागा भाड्याची असेल तर करार कोणाच्या नावावर आहे ते पाहा. एमआयडीसीचा भूखंड असेल तर हस्तांतरणाला महामंडळाची परवानगी लागते आणि शुल्कही पडतं. ते कोण भरणार हे किमतीची बोलणी होण्याआधी ठरलं पाहिजे.

किंमत, हप्ता आणि खेळतं भांडवल

इथं जरा थांबून आकडे मांडू. समजा छापखाना आहे, कामगार १२. महिन्याची विक्री ४ लाख, सगळा खर्च ३ लाख ४० हजार, मालकाच्या हाती उरतात ६० हजार. मालक यंत्रं आणि चालू धंदा मिळून २४ लाख मागतोय. प्रत्येकाने ५० हजार घातले तर ६ लाख जमतात. उरलेले १८ लाख पाच वर्षांत, म्हणजे महिन्याला ३० हजारांचा हप्ता. ६० हजार उरतायत, ३० द्यायचे. सोपं वाटतं.

आता नीट बघा. त्या ६० हजारांत मालकाची स्वतःची मजुरीही आहे. कोटेशन देणं, वसुलीला फिरणं, कागदाचा भाव ठरवणं हे तोच करत होता. ते काम करणाऱ्याला २५ हजार द्यावे लागले की उरले ३५. दुसरी अडचण याहून मोठी. गिऱ्हाइकं ६० दिवसांनी पैसे देतात आणि जुनी येणी मालक स्वतः वसूल करणार असेल, तर संस्थेकडे पहिले दोन महिने एक रुपया येत नाही. पगार, कागद, वीज, भाडं मात्र सुरूच. म्हणजे नव्या माणसाच्या पगारासकट ७ लाख ३० हजार आधी हातात हवेत. जमवलेले सगळे ६ लाख मालकाला देऊन बसलात तर पहिलाच पगार होणार नाही.

म्हणून सौदा असा फिरवा. जुन्या यंत्रांच्या दोन व्यापाऱ्यांकडून यंत्रांचे भाव काढा आणि किंमत झेपेल तिथं आणा, आपल्या उदाहरणात १८ लाखांवर. इसार १ लाख द्या. बाकी १७ लाख ७२ हप्त्यांत, म्हणजे महिन्याला साधारण २३ हजार ६००, आणि पहिला हप्ता सातव्या महिन्यात. ३५ हजारांतून हप्ता जाऊन ११ हजारांच्या वर उरतात, ते यंत्राच्या दुरुस्तीला. हातातल्या ५ लाखांना कागदवाल्याची महिनाभराची उधारी किंवा दोन चांगल्या गिऱ्हाइकांकडून आगाऊ रक्कम जोडली की पहिले दोन महिने निघतात. मालकाला हे पटतं का? यंत्रं भंगारात विकून येणाऱ्या पैशाशी तुलना करून दाखवली तर बऱ्याचदा पटतं. शिवाय त्याच्या हाताने उभा राहिलेला धंदा टिकतो, आणि याची किंमत अनेक जुन्या मालकांच्या मनात मोठी असते.

प्रत्येकाने ५० हजार आणायचे कुठून? दागिने गहाण टाकण्याआधी ग्रॅच्युइटीचा हिशेब करा. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी, पाच वर्षं सलग नोकरी झालेल्याला मालकाकडून दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार देय असतो. मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून २० हजार असेल आणि नोकरी १० वर्षांची असेल, तर २० हजार भागिले २६, गुणिले १५, गुणिले १० म्हणजे साधारण १ लाख १५ हजार. बारा जणांचे जवळपास १४ लाख. छोट्या मालकांनी याची तरतूद क्वचितच केलेली असते. आकडा समोर ठेवला की किमतीच्या बोलण्यांचा सूर बदलतो.

हा हक्क सोडून देणारा करार कायद्यात टिकत नाही, म्हणून "किमतीत वळती करू" असं तोंडी ठरवू नका. रक्कम ज्याच्या त्याच्या खात्यावर येऊ द्या, मग तो त्यातून स्वेच्छेने संस्थेचे भाग (शेअर) विकत घेईल. आणि सगळी पुंजी धंद्यात घालू नका, हे मी जोर देऊन सांगेन. पगारही इथला आणि बचतही इथंच, असं झालं तर एका वाईट वर्षात घर दोन्हीकडून कोसळतं.

नोंदणी

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मध्ये 'उत्पादक संस्था' ही सोय आहे. सभासदांच्या सामायिक मालकीचा माल तयार करून विकणं आणि सभासदांनी आपले श्रम एकत्रितपणे कामाला देणं, दोन्ही तिच्यात बसतं. वेगवेगळ्या कुटुंबांतल्या किमान १० व्यक्ती लागतात. एकाच घरातले दोन भाऊ कामाला असतील तर या दहांत एकच धरला जातो. सभा घेऊन मुख्य प्रवर्तक, म्हणजे नोंदणीचं काम बघणारा, निवडा, निबंधक कार्यालयाकडून नाव राखून घ्या, बँकेत खातं उघडून भागांची रक्कम भरा, मग उपविधींसह (संस्थेच्या नियमावलीसह) प्रस्ताव द्या. दहा जण होत नसतील तर एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी, काढा. तिला दोन भागीदार पुरतात आणि करारात प्रत्येकाला एकच मत असं लिहिता येतं.

उपविधी मात्र दुसऱ्या संस्थेचे उतरवून काढू नका. कायदा काही गोष्टी ठरवून देतोच: एका सभासदाला एक मत, कोणाकडेही एकूण भागभांडवलाच्या पाचव्या हिश्शाहून जास्त भाग नाहीत, नफ्याचा किमान चौथा हिस्सा राखीव निधीत, लाभांश १५ टक्क्यांपर्यंत, वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत. तुम्ही लिहायचं ते हे: सभासद तोच जो इथं काम करतो. आपल्याकडे कितीतरी मजूर संस्थांमध्ये कागदावर मजूर एक आणि कंत्राट घेणारा दुसराच असतो. हे कलम ढिलं सोडलं की तोच प्रकार होतो. करातही याला अर्थ आहे. सभासदांच्या श्रमावर चालणाऱ्या संस्थेला आयकरात सवलत मिळण्यासाठी मतदानाचा हक्क मुख्यतः श्रम करणाऱ्यांपुरता ठेवण्याची अट आहे. तुमची संस्था त्यात बसते का, हे उपविधी पक्के करण्याआधी सीएला विचारा.

ताबा घेताना

संस्थेला नवा पॅन, नवा जीएसटी क्रमांक आणि उद्यम (छोट्या उद्योगांची सरकारी) नोंदणी लागेल. चालू धंदा एकगठ्ठा हस्तांतरित केला तर त्यावर जीएसटी लागत नाही, यंत्रं सुटी विकली तर लागतो, म्हणून कराराची भाषा वकिलाकडून तपासून घ्या. वीज मीटर, कारखान्याचे परवाने, गिऱ्हाइकांच्या यादीतलं पुरवठादाराचं नाव, सगळं बदलावं लागतं. मालकाला सहा महिने मानधनावर सल्लागार ठेवा आणि मोठ्या गिऱ्हाइकांकडे त्याला सोबत घेऊन जा.

रोजचा कारभार

इथं भांडणं होतात. कालपर्यंत बरोबरीने डबा खाणारा आज कामाचं वाटप करतो, आणि "तू कोण सांगणारा?" हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात येतो. उत्तर आधीच ठरलेलं असावं. कामाच्या वेळेत व्यवस्थापकाचा शब्द शेवटचा आणि व्यवस्थापकाला ठेवायचं की काढायचं हे सभासदांनी निवडलेल्या समितीच्या हाती. दर शनिवारी पाळी सुटल्यावर अर्धा तास सगळ्यांनी बसायचं. आठवड्यात किती बिलं झाली, किती वसूल झाली, बँकेत काय शिल्लक आहे, हे तीन आकडे फळ्यावर लिहायचे. बाइंडिंगवाल्या ताईंनाही ते समजले पाहिजेत. नाही समजले तर दोष आकडे मांडणाऱ्याचा.

पगार कामानुसार वेगळे असू द्या, पण सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी पगारातलं अंतर सभेत ठरवा. नफा वाटताना भाग किती यापेक्षा कामाचे दिवस किती हे पाहिलं तर तरुण सभासद टिकतात. उपविधींत तशी तरतूद हवी.

धंद्याचा माल जुना होतोय का, यावरही लक्ष हवं. कन्नूरची दिनेश बीडी ही १९६९ ची कामगार सहकारी. विडीचा खप उतरू लागल्यावर ती खाद्यपदार्थ, छत्र्या आणि कपड्यांकडे वळली. छापखान्यालाही उद्या लग्नपत्रिकांवर भागणार नाही, पॅकेजिंगकडे वळायचं का हा प्रश्न चौथ्या नव्हे, पहिल्या वर्षीच सभेत यावा.

येणारे आणि जाणारे

नवीन कामगार आला की एक वर्ष उमेदवारी (पारखून घेण्याचा काळ), मग सभासदत्वाचा अर्ज. भागाचे पैसे पगारातून दरमहा थोडे कापून घ्या, म्हणजे गरीब घरचा मुलगा दाराबाहेर राहत नाही. बिगरसभासद कामगार कायमचे वाढवत नेलेत तर दहा वर्षांत तुम्हीच बारा शेठ होऊन बसाल. निवृत्त होणाऱ्याचे भाग परत करायचे ते दोन-तीन हप्त्यांत, आणि एका वर्षात एकूण भांडवलाच्या किती टक्क्यांपर्यंत परत करायचे याची मर्यादा उपविधींतच ठरवून ठेवा. मृत सभासदाचे पैसे वारसाला मिळतील, मत मिळणार नाही. वारस कामावर आला तर उमेदवारीचं वर्ष त्यालाही लागू.