झड लागली की आधी झटका मशीनची बॅटरी बघा

राम राम मंडळी. मका दुधात आलाय, सोयाबीनच्या शेंगा भरतायत आणि नेमकी आत्ताच झड लागते. रानडुकराला हे दिवस आपल्यापेक्षा जास्त पाठ असतात. दरवर्षी एकच गोष्ट बघतोय म्हणून परत लिहितोय, तार चांगली असते, खुंट चांगले असतात, तारेत थांबून थांबून झटका सोडणारी मशीनही ठणठणीत असते, पण बॅटरी उतरलेली असते आणि ती उतरलेलीच पडून असते. आमच्या शेजारच्या धुऱ्यावर मागे असंच झालं, चार दिवस ऊन नाही, मशीनचा लाल दिवा लुकलुकत होता म्हणून गडी जागलीला गेलाच नाही, सकाळी बघतो तर मक्याच्या कडेच्या सगळ्या ओळी आडव्या.

दिवा लागतो म्हणजे झटका आहे असं नाही. दिव्याला करंट लागतो तो कितीसा.

हिशोब सोपा आहे. तुमची मशीन 200 मिलीअँपिअर खात असेल तर बारा तासांच्या रात्रीत 2.4 अँपिअर-तास गेले. बॅटरी 7 अँपिअर-तासांची, त्यातली निम्मीच वापरावी, म्हणजे हातात साडेतीन. दीड रात्र! ढगात सोलर पॅनेल बॅटरी नावापुरतीच भरतं, त्यामुळे तिसऱ्या रात्री डुक्कर आत. मशीन किती खाते ते तिच्या मागच्या पट्टीवर बघा आणि आपला आकडा आपण काढा.

आता मुद्द्याचं. सीलबंद बॅटरीत आत शिशाच्या प्लेटा असतात, उतरली की त्यांच्यावर सल्फेट बसतं. लगेच चार्ज केली तर ते विरघळतं, आठ-पंधरा दिवस तसंच ठेवलं की त्याचे खडे होतात आणि मग चार्जर लावा नाहीतर देव पाण्यात घाला, बॅटरी पहिल्यासारखी होत नाही. म्हणून उतरली त्याच दिवशी घरी आणा, उद्यावर टाकू नका.

मल्टिमीटर घ्या, दोन-तीनशेत साधा येतो. सकाळी मशीन बंद करा, पॅनेलची वायर काढा, अर्धा तास थांबा, मग बॅटरीचे वोल्ट मोजा:
- 12.7 च्या वर : भरलेली
- 12.2 : निम्मी
- 12 च्या खाली : आजच चार्जिंगला
- 10.5 पर्यंत उतरवली तर वय गेलंच समजा

चार्जर सीलबंद बॅटरीचाच लागतो, 14.4 वोल्टच्या आसपास भरणारा, आणि भरल्यावरही लावून ठेवायचा असेल तर 13.5 ते 13.8 वर आपोआप उतरणारा. करंट क्षमतेच्या दहाव्या भागाइतका, म्हणजे 7 च्या बॅटरीला 0.7 अँपिअर. ट्रॅक्टरच्या बॅटरीचा चार्जर लावू नका, फुगते, आणि फुगलेली बॅटरी परत वापरायची नाही. पॅनेलही चार्ज कंट्रोलरशिवाय (वोल्ट आवरणारी छोटी डबी) थेट जोडू नका, 12 वोल्टचं म्हणून विकलेलं पॅनेल उन्हात मोकळं मोजलं तर 20-21 वोल्ट दाखवतं.

बसवताना:
- मशीन बंद, आधी प्लस जोडा, शेवटी मायनस, काढताना उलट
- प्लसच्या जवळच फ्यूज, छोट्या बॅटरीला 5 अँपिअरचा
- टर्मिनल पुसून, घट्ट करून, वर थोडं व्हॅसलीन
- जमिनीपासून वीतभर वर, सावलीत
- डबा पाण्यापासून झाकलेला पण खाली आणि वर झाकणाच्या आडोशाला हवेला भोकं असलेला

या शेवटच्या ओळीवर जरा थांबतो. पावसाच्या भीतीनं लोक बॅटरी खताच्या पिशवीत घालून गच्च बांधतात. सीलबंद असली तरी जास्त चार्ज झाली की तिच्यातून हायड्रोजन सुटतो, कोंडला आणि ठिणगी पडली की भडका. चार्जिंगही झोपायच्या खोलीत नको, औषधाच्या डब्यांशेजारी तर नकोच.

दुकानदार सांगेल पाणी टाका, अमुक पावडर टाका, बॅटरी नवी होते. सीलबंद बॅटरी उघडायचीच नसते, पैसे घालवू नका. मोठी घ्या म्हणूनही मागं लागतील, पण पॅनेल तेच छोटं राहिलं तर मोठी बॅटरी कधी भरतच नाही, अर्धपोटी राहून लवकर मरते. नवी घेताना मी सरळ वजनकाट्यावर ठेवतो, 12 वोल्ट 7 ची चांगली बॅटरी दोन-सव्वादोन किलो भरतेच, दीड किलो भरली तर वर काहीही छापलेलं असो, आत शिसं कमी. दुकानदार तोंड वाकडं करतो, करू द्या.

माझा एक अंदाज, कुठं लिहिलेला नाही: रात्री मशीनची टिकटिक नेहमीपेक्षा सावकाश वाटली तर मी मीटरची वाट बघत नाही, बॅटरी बदलतो. गवत मात्र वेगळं प्रकरण आहे, खालच्या तारेला ओलं गवत टेकलं की बॅटरी भरलेली असूनही झटका मरतो, विळा चालवा.

आणि बॅटरी उतरली म्हणून घरची लाइन तारेवर सोडायची नाही. कुणी काही म्हणो. माणसं मेलीत अशी, आणि मागं राहिलेल्यावर सदोष मनुष्यवधाची केस होते. बॅटरी नसेल त्या रात्री जागल करा, डबा वाजवा.

बहुतेक फवारणी पंपांची बॅटरीही अशीच सीलबंद. शेवटची फवारणी झाली की पंप रिकामा होतो तसाच कोपऱ्यात जातो आणि पुढच्या मृगात चालत नाही. पूर्ण चार्ज करून, वायर काढून ठेवा, दर तीन महिन्यांनी परत चार्ज, आपल्याकडचा उन्हाळा बघता मार्च ते मे दर दोन महिन्यांनी. पत्र्याच्या शेडमध्ये ठेवू नका, गर्मीनं आतल्या आत उतरते.

मेलेली बॅटरी फोडून शिसं काढत बसू नका, पोरांच्या अंगात जातं ते. नवी घेताना जुनी परत द्या आणि तिचे पैसे बिलातून वळते करून घ्या, मागितल्याशिवाय कुणी देत नाही.