पतसंस्थेबद्दल अफवा पसरली, तर या चुका टाळा

शनिवारी संध्याकाळी कुणीतरी बंद शटरचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकतो, खाली लिहितो 'पैसे काढून घ्या', आणि सोमवारी शाखा उघडण्याआधीच रांग लागलेली असते. सोलापुरात विडी वळणाऱ्या बायकांची, यंत्रमाग कामगारांची आयुष्यभराची पुंजी पतसंस्थांतल्या ठेवींत असते. त्यांची भीती खरी आहे, हे पतसंस्था चालवणाऱ्यांनो, आधी मान्य करा.

'संचालकांची बैठक होऊ द्या, मग बोलू' ही पहिली चूक. अफवा काय करू शकते हे आपल्या जिल्ह्याला वेगळं सांगायला नको. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून पाच जणांना ठेचून मारलं. त्यातले बहुतेक आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्यातले होते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवण्याची मर्यादा आणली. पण पाचाचे पंचवीस व्हायला वेळ लागत नाही. म्हणून तासाभरात एवढं तरी कळवा: फोटो कधीचा आहे, शाखा किती वाजता उघडेल, पुढची माहिती कधी मिळेल. सांगितलेल्या वेळी नवीन काही नसलं, तरी तेच कळवा.

सगळ्यात महागात पडतो तो खोटा दिलासा. 'तुमच्या ठेवींना ५ लाखांचा विमा आहे' असं घाईत लिहिलं जातं. २०२० पासून ५ लाखांपर्यंतचं हे संरक्षण बँकांतल्या ठेवींना आहे, त्यात सहकारी बँकाही येतात. पतसंस्था येत नाहीत. एखाद्या सभासदाचा मुलगा मोबाइलवर हे शोधतो, तुमच्याच मेसेजचा स्क्रीनशॉट फिरतो आणि मग तुमचं खरंही कुणी ऐकत नाही. त्यापेक्षा रोख शिल्लक, बँकांतली गुंतवणूक, थकबाकी, ऑडिटमध्ये संस्थेला मिळालेला वर्ग सांगा. रोख कमीच असेल, तर कुणाला किती आणि कोणत्या तारखेला मिळेल ते स्पष्ट लिहा.

निवेदनात 'आज' लिहू नका. तारीख आणि वेळ निवेदनाच्या फोटोच्या आतच टाका, नाहीतर जुनं निवेदन वर्षभरानं पुन्हा फिरतं. प्रश्न विचारणाऱ्याला ग्रुपमधून काढू नका.

सोलापूर शहराच्या पूर्व भागात तेलुगूतून, अक्कलकोटकडे कन्नडमधूनही अर्ध्या मिनिटाचा आवाजी मेसेज पाठवा.

आणि पिग्मी एजंटला, म्हणजे दारोदार जाऊन रोजची बचत गोळा करणाऱ्याला, सगळ्यांच्या आधी कळवा. लोक ग्रुपवर वाचतात, पण विचारतात त्यालाच. दुकानाच्या दारात तो 'मलाही काही माहीत नाही' म्हणाला, की ठेवीदार तिथूनच शाखेकडे निघतो.