एका हाताचा स्पे कास्ट: मागे झाडी असताना लाइन पुढे कशी टाकायची

फ्लाय फिशिंगमध्ये, म्हणजे लाइनच्या वजनावर हलका नकली किडा फेकून मासे धरताना, पाठीमागे झाडं किंवा उंच दरड असली की डोक्यावरून केलेला नेहमीचा कास्ट (लाइनची फेक) फांदीत अडकतो. स्कॉटलंडच्या स्पे नदीकाठी रुजलेल्या पद्धतीत लाइन मागे पूर्ण उलगडावीच लागत नाही. हे काम दोन हातांच्या लांब रॉडचं मानलं जातं, पण ९ फुटी, ५ किंवा ६ नंबरच्या रॉडनेही (नंबर म्हणजे रॉड किती वजनाच्या लाइनसाठी आहे ते) ते छान जमतं. रॉड आखूड असल्यामुळे चुका मात्र लगेच उघड्या पडतात.

रॉड मध्यम अ‍ॅक्शनचा, म्हणजे साधारण अर्ध्यापर्यंत वाकणारा घ्या. लाइन तरंगणारी हवी, डबल टेपर (दोन्ही टोकांना निमुळती) किंवा लांब डोक्याची वेट फॉरवर्ड (वजन पुढच्या भागात असलेली). लीडर, म्हणजे लाइनच्या टोकाला बांधायचा बारीक दोरा, साधारण ९ फूट. सुरुवातीला गळाऐवजी लोकरीचा तुकडा बांधा, आणि तरीही टोपी-चष्मा घाला. गवतावर सराव करू नका. लाइनला पाण्याची पकडच मिळत नाही.

सगळा खेळ या पकडीचा, म्हणजे अँकरचा. लीडर आणि लाइनचं टोक पाण्यावर टेकलेलं असतं, बाकीची लाइन रॉडच्या टोकापासून मागे झोळीसारखी फुगते. तोच डी-लूप. अँकर तुमच्यापासून बाजूला, साधारण एका रॉडच्या अंतरावर हवा. फेकायची दिशा आणि डी-लूपचं तोंड एकमेकांच्या बरोबर विरुद्ध हवं, आणि अँकरही त्याच दिशेला समांतर पडायला हवा. तो तिरका पडला तर कितीही जोर लावा, लाइन गोळा होऊन पडते.

आधी साधा रोल कास्ट (लाइन पाण्यावरून सावकाश मागे ओढून डी-लूप करायचा आणि पुढे फेकायची) पक्का करा. त्यानंतर डबल स्पे, कारण त्यात अँकर पाण्यावर निवांत बसलेला असतो, घाई नसते. समजा तुम्ही उजव्या हाताचे आहात, पाणी डावीकडून उजवीकडे वाहतंय आणि सुमारे ३० फूट लाइन उजवीकडे, खालच्या अंगाला (प्रवाह जातो त्या बाजूला) ताणलेली आहे.

१. रॉडचं टोक पाण्यालगत ठेवून सुरुवात करा. सावकाश उचला आणि अंगासमोरून डावीकडे, वरच्या अंगाला नेऊन खाली आणा. लाइनचं टोक मात्र तुमच्या उजवीकडेच राहिलं पाहिजे. ते ओढून समोर किंवा डावीकडे आणलंत तर पुढे जाणारी लाइन त्याच्यावरून जाते आणि गुंता ठरलेला.

२. आता रॉड उजवीकडे परत फिरवा. टोक एकसारखं चढत जाऊ द्या. मध्येच खाली बुडालं तर लाइन पाण्यावर कोसळते.

३. हात कानाच्या उंचीला, रॉड किंचित बाहेर कललेला. डी-लूप फुगला की लगेच पुढे, वेग वाढवत न्या आणि टोक वर असतानाच खटकन थांबवा. थांबा खाली घेतलात तर पुढे उलगडणाऱ्या लाइनचा लूप रुंद होऊन पाण्यात आपटतो.

सिंगल स्पेमध्ये पाणी उजवीकडून डावीकडे वाहतं. डावीकडे ताणलेली लाइन उचलून एकाच झोकात उजवीकडे, वरच्या अंगाला आणायची. अँकर टेकतो न टेकतो तोच पुढचा फटका. इथे वेळ चुकते. उशीर झाला तर लाइन पाण्याला चिकटून बसते आणि जड ओढ लागते. उचलताना जोर जास्त झाला तर अँकर टेकतच नाही, लीडर मागे उडतो आणि चाबकासारखा फटका ऐकू येतो. तो आवाज आला की जोर निम्मा करा.

कोणता कास्ट करायचा हे वारा ठरवतो. अँकर नेहमी वारा ज्या बाजूला वाहून जातो त्या बाजूला हवा, नाहीतर गळ अंगावर येतो. वारा प्रवाहाबरोबर खाली वाहत असेल तर डबल स्पे, उलट वर वाहत असेल तर सिंगल.

दोन्ही बसले की मोकळ्या हाताने लाइनला हिसका द्यायला शिका. एका हाताच्या रॉडचा हा खरा फायदा. पुढच्या फटक्याच्या शेवटी, रॉड थांबण्याच्या क्षणी वीतभर खेचा, लगेच सैल सोडा. हिसका लवकर दिलात तर उलट अँकरच सुटतो.