गुळवेलीतली पॉलिसॅकराइड काढताना: नव्याने प्रोजेक्टला बसणाऱ्यांसाठी

एमएस्सीच्या प्रोजेक्टला पॉलिसॅकराइड (साखरेच्या रेणूंच्या लांब साखळ्या) काढायला मी गुळवेल निवडली, कारण घरामागच्या कडुलिंबावर ती फुकट होती. पहिल्याच बॅचला पांढरीशुभ्र पावडर निघाली, तीही भरपूर. मिरवत सरांकडे नेली. त्यांनी चिमूटभर पाण्यात उकळली, गार होऊ दिली आणि आयोडीनचे दोन थेंब टाकले. गडद निळं! "पॉलिसॅकराइडच आहे गं, पण हे सत्त्व. वैद्य पूर्वीपासून काढतायत."

गुळवेलीच्या खोडात स्टार्च चिक्कार. सत्त्वासाठी कांड्या ठेचून रात्रभर गार पाण्यात भिजवतात, कुस्करून गाळतात. तळाशी बसतो तो मुख्यतः स्टार्च. मी खोडाची भुकटी पाण्यात ९० अंशांवर तीन तास शिजवली होती. त्याची खळ झाली, फिल्टर पेपर तुंबला (तेव्हाच शंका यायला हवी होती) आणि चौपट इथेनॉल ओतल्यावर सगळंच खाली बसलं.

मग क्रम बदलला. आधी ८० टक्के इथेनॉलने सॉक्सलेट (तेच द्रावक पुन्हा पुन्हा फिरवून भुकटी धुणारं उपकरण), म्हणजे रंग, कडू द्रव्यं आणि साध्या साखरा जातात. गरम पाण्याच्या अर्काला अल्फा-अमायलेज (स्टार्च तोडणारं एन्झाइम), आयोडीनला निळं येईनासं होईपर्यंत. हे एन्झाइमही प्रथिनच, म्हणून प्रथिनं काढणारी सेव्हाग पद्धत (क्लोरोफॉर्म-ब्युटेनॉल ४:१, फ्यूम हूडमध्येच) त्यानंतर. पुढे इथेनॉलने खाली बसवणं, डायलिसिस (पडद्यातून लहान रेणू बाहेर काढणं), फ्रीझ ड्रायर. पावडर हाती आली जेमतेम तळाला, पण ती खरी. गुळवेलीतल्या अल्फा-ग्लुकनवरही (स्टार्चसारखीच ग्लुकोजची साखळी) काम झालंय. तेच हवं असेल तर मात्र अमायलेज वापरू नका. भाभा अणुसंशोधन केंद्रात अभ्यासलेलं जी१-४ए हे गुळवेलीतलं पॉलिसॅकराइड अरॅबिनोगॅलॅक्टन (अरॅबिनोज आणि गॅलॅक्टोज या साखरांचं) आहे. आपण यातलं काय शोधतोय ते भुकटी भिजवण्याआधी ठरवा.

फिनॉल-सल्फ्युरिक ॲसिडच्या रंगचाचणीने (४९० नॅनोमीटर) एकूण साखर कळते, कुठली ते नाही. त्यासाठी टीएफएने (ट्रायफ्लुओरोॲसेटिक ॲसिड) हायड्रोलिसिस करून, म्हणजे साखळ्या तोडून, जीसी-एमएस (घटक वेगळे करून ओळखणारं यंत्र). माझी तीन रीडिंगं कधीच जुळत नव्हती. दोष निघाला टिश्यू पेपरचा! परीक्षानळ्या आतून पुसायचे, त्याचे तंतू राहायचे, आणि सेल्युलोजही त्या ॲसिडमध्ये रंग देतो. नळ्या उपड्या ठेवून वाळवा. ॲसिड नळीच्या कडेने सोडू नका, थेट द्रावणावर झपकन ओता. रंगाला लागणारी उष्णता त्यातूनच येते. गॉगल विसरू नका.

पेशींवर चाचणी करणार असाल, तर मॅक्रोफेज (जंतू गिळणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी) खवळलेले पाहून लगेच पेपर लिहायला बसू नका. जिवाणूंचं एंडोटॉक्सिनही हेच करतं, आणि आठवडाभर फ्रिजमध्ये पडलेल्या अर्कात ते असू शकतं. आधी एलएएल (एंडोटॉक्सिन शोधणारी) चाचणी करा.